मधुमेही मूल आणि भाताचा हिशेब

आंबागडच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या भंडारा जिल्ह्यांत, जेवण म्हणजे भात. अशा घरांतील मुलाला मधुमेह असल्याचें कळलें कीं पहिली आज्ञा सुटते ती भात बंद करण्याची. साखर तर त्यापूर्वींच कुलुपांत जाते. हेतु मायेचा असतो, परंतु परिणाम घातक होऊं शकतो.

लहान मुलांत बहुधा आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाण्यानें होत नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. मग साखर रक्तांत सांचते, पण शरीराच्या उपयोगी पडत नाहीं. अनावर तहान, वारंवार लघवी, भरपूर खाऊनहि रोडावणें, हीं याचीं लक्षणें. रात्रीं कोरडें राहणारें मूल पुन्हां अंथरूण भिजवूं लागलें, तर रागें न भरतां त्याच दिवशीं रक्त तपासवावें. इन्सुलिन हातीं येण्यापूर्वीं डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत. त्यानें मृत्यु थोडा लांबे, इतकेंच. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरंटो येथें लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. ती उपासमार तेव्हांच संपावयास हवी होती.

वाढत्या अंगाला इतर मुलांइतकेंच अन्न लागतें. भात द्यावा कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे; किती दिला व त्यास इन्सुलिन किती, हा प्रश्न आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम भातांत सुमारें २८ ग्रॅम कर्बोदकें, म्हणजे पचून साखर होणारा भाग, असतो. समजा, डॉक्टरांनीं २० ग्रॅम कर्बोदकांस १ एकक इन्सुलिन ठरवून दिलें, तर १४० ग्रॅम भातास सुमारें २ एककें लागतील. शाळेंतलें त्रैराशिकच हें! अर्थात् प्रमाण केवळ उदाहरणादाखल सांगितलें. तें प्रत्येक मुलाचें निराळें असतें व वयाबरोबर बदलतें. ‘वाटीभर’ या शब्दावर मात्र विसंबूं नये. आजीची वाटी आणि आईची वाटी एक नसते. पंधरा दिवस भात काट्यावर तोलला कीं नजरेला अंदाज येतो. वरणांतील डाळहि हिशेबांत धरावी.

उपवासाच्या दिवशीं हा हिशेब हटकून चुकतो. आपल्या तलावांतले शिंगाडे, भगर, साबुदाणा हे ‘हलके’ समजले जातात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच!

साखर चढण्याहून तातडीचें भय ती उतरण्याचें. सुई घेऊन जेवण हुकलें किंवा खेळ अधिक झाला, तर घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसूं लागतो. वर्गांत अशा मुलाला शिक्षक बेपर्वा ठरवितात, म्हणून शाळेला पूर्वकल्पना द्यावी. १०० मिलिलिटर रक्तांत साखर ७० मिलिग्रॅमहून उतरली, तर ३० किलो वजनाच्या मुलास सुमारें १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे, साखर पाण्यांत विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें. कुलुपांतली साखर ती हीच. ती दप्तरांत हवी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां रुग्णालय गांठावें.

तापांत मूल जेवत नाहीं म्हणून सुई थांबवूं नये. मात्रा डॉक्टर बदलतील. इन्सुलिन सर्वस्वीं बंद झालें तर रक्तांत आम्ल सांचून जीव जाऊं शकतो. उलट्या, खोल व जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास, हे इशारे दिसतांच विलंब नको. जडीबुटीच्या भरंवशावर सुई सोडविणाऱ्यांस तर दारांतूनच परत पाठवावें.

खर्चाची चिंता खरी आहे. नागपुरांत डॉ. शरद पेंडसे यांनीं गरीब मुलांच्या इन्सुलिनसाठीं १९९५ सालीं ‘ड्रीम ट्रस्ट’ काढला. शीतकपाट नसलेल्या घरांत इन्सुलिन मातीच्या भांड्यांत ठेवण्याची युक्तिहि त्यांनीं पुरस्कारिली. मोठ्या मडक्यांत थोडें पाणी घालून आंत लहान मडकें बसवावें व कुपी त्यांत कोरडी राहूं द्यावी. आपल्या वैशाखांत सावलींतल्या खोलीपेक्षांहि तेथें गारवा अधिक असतो. बर्फांत मात्र ती कधींच ठेवूं नये, कारण एकदां गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी होतें.