१३ सामन्यांचा क्वार्टरबॅक
२०१७चा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉल संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर सरकायला शिकागो बेअर्सनी वर आणखी तीन पिक्स मोजले आणि घेतला क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की. नॉर्थ कॅरोलिनासाठी स्टार्टर म्हणून जेमतेम १३ सामने, पण पासची अचूकता ६८ टक्के! क्लेमसनला राष्ट्रीय विजेतेपद जिंकून देणारा डेशॉन वॉटसन बाराव्या क्रमांकावर गेला. टेक्सस टेकचा पॅट्रिक महोम्स दहाव्या. ओक्लाहोमाविरुद्ध या पठ्ठ्याने एका सामन्यात ७३४ यार्डांचे पास फेकले होते, तरी संघ ६६-५९ असा हरला (बचाव म्हणजे नुसता आनंद!). ‘टेक्सस टेकची खेळण्याची पद्धतच आकडे फुगवते’ म्हणत अनेकांनी नाकं मुरडली. माझ्या मते टक्केवारीपेक्षा, आखलेला डाव फसल्यावर पोरगा काय करतो ते बघावं. पुढे कॅन्सस सिटीसाठी महोम्सने तीन सुपर बोल जिंकले. बेअर्सनी ट्रुबिस्कीला चार हंगामांनंतर सोडून दिलं.