संकल्प लहान घ्या, पण तडीस न्या!

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून उत्साहाला उधाण येते. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना अनेक बांधव मनाशी ठरवतात की, आता सारे बदलायचे. दारू बंद, तंबाखू बंद, मुलांचा अभ्यास, दरमहा बचत. मे महिना उजाडेपर्यंत यातले काहीच उरत नाही. मग 'आपल्याकडून हे व्हायचे नाही' असे म्हणून माणूस खचतो. पण खोट माणसात नसते. सारे एकदम बदलण्याच्या हट्टात असते.

बाबासाहेबांकडेच पाहा. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत येऊन ते पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत व मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी.! ध्येय मोठे होते, पण त्याला मुदत होती, टप्पे होते, पैशाचा हिशेब होता. मध्ये खंड पडला म्हणून त्यांनी ते सोडले नाही.

आपल्यालाही मुदत आयतीच आहे. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने. या काळात घरातील प्रत्येकाने एकच संकल्प घ्यावा आणि तो मोजता येईल असा असावा. 'मुलांकडे लक्ष देईन' हे मोजता येत नाही. 'रोज रात्री आठ ते साडेआठ टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलांजवळ बसेन' हे मोजता येते. 'बचत करीन' म्हणण्यापेक्षा पगाराच्या दिवशीच पोस्टात पैसे भरावेत. तेथील पाच वर्षांचे आवर्त ठेव खाते महिना १०० रुपयांपासून उघडता येते.

तंबाखूचेच घ्या. रोजचे २० रुपये धरले तरी महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये होतात. मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे आपण थुंकून टाकतो! मिश्री लावणाऱ्या माता-भगिनींनीही लक्षात घ्यावे, मिश्री म्हणजे तंबाखूच. सोडताना पहिले काही दिवस कठीण जातात. पण तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, चार पावले चालावे. ज्या टपरीपाशी पाय थबकतो, तो रस्ताच बदलावा. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. मात्र रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास फिट येण्याचा धोका असतो. त्याने आधी डॉक्टरांना भेटावे.

आणि एखाद्या दिवशी संकल्प मोडला तर? पंचशील आपण जन्मात एकदाच घेत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा ग्रहण करतो. पालीत शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तथागतांनी सांगितलेल्या सम्यक व्यायामातही हेच आहे. नसलेली वाईट सवय लागू देऊ नये, लागलेली सोडावी, नसलेली चांगली सवय लावावी आणि लागलेली टिकवावी. आज चुकले तर उद्या सकाळी पुन्हा सुरुवात करावी. फक्त सलग दोन दिवस चुकू देऊ नये.

घरच्यांनीही टोमणे मारू नयेत. 'पाहू किती दिवस टिकते' या एका वाक्याने संकल्प मोडतो. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळलेल्या दिवसाची खूण मुलांच्या हातून करून घ्यावी. बापाच्या नावापुढे रोज खूण करणारे मूल स्वतःही काही शिकत असते.

बंधु-भगिनींनो, आश्विन पौर्णिमेला त्या खुणा मोजा. नव्वदपैकी साठ भरल्या तरी ती हार नव्हे. ते साठ दिवस आपण कमावलेले आहेत. पुढचा संकल्प त्यावरच उभा राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!