बामणघळीची भीती

हेदवीचे नाव काढताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांसमोर दशभुज लक्ष्मीगणेश उभा राहील. व्याडेश्वर किंवा वेळणेश्वर ज्यांचे कुलदैवत, अशी कुटुंबे गुहागर तालुक्यात उतरली म्हणजे टेकडीवरील या गणपतीचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाहीत. परंतु त्याच गावच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे. तेथे पोहोचताच वडील मंडळी मुलांचे हात घट्ट धरतात. हीच बामणघळ. नावाची उपपत्ती दंतकथेच्या स्वाधीन असल्यामुळे तीत आम्ही शिरत नाही.

ओहोटीच्या वेळी पाहिले तर हा कातळ केवळ चिरफळलेला दिसतो. भरती चढू लागली की घळीचे खरे रूप प्रकट होते. लाट फटीत शिरते; आत जावे तो वाट निमुळती; मागून दुसरी लाट रेटा देतेच. पुढे वाट नाही आणि मागेही फिरता येत नाही, अशा स्थितीत पाणी वरच उसळते. प्रथम पोटात घरघर, मग आघात, आणि मग पांढऱ्याशुभ्र तुषारांचा खांब. मोठ्या माणसाचेही पाऊल आपोआप मागे सरते, आणि ते सरावेच.

या भीतीचे काय करावयाचे, हा प्रश्न आहे. एक रीत जुनी: ‘तिकडे समंध आहे’ असे सांगून मुलास घरी बसवावयाचे. दुसरी रीत अलीकडची: निसरड्या कडेवर समुद्राकडे पाठ करून उभे राहावयाचे आणि छायाचित्र काढवून घ्यावयाचे. या दोन्ही रीती आम्हांस सारख्याच त्याज्य वाटतात, कारण दोहोंतही घळीकडे कोणी पाहतच नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने तिसरी रीत धरली. पाणी केव्हा चढते, किती चढते, कोणत्या दिवशी अधिक चढते, हे तो पाहत राहिला. एका भरतीपासून दुसरी सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते, हा त्याचा हिशेब. समुद्राचे भय नसते तर हा हिशेब करण्याची गरज कोणास पडली असती?

आमच्या एकत्र कुटुंबांत मुलांस दागिने मिळोत न मिळोत, भीती मात्र वारसाने हमखास मिळते. आजीची अंधाराची, आत्याची पालीची, काकांची साहेबाची. ती काढावयाची तर मुलास एकदम तीत ढकलून चालत नाही. 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असता ससा प्रथम दूर ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस थोडथोडा जवळ आणावयाचा. अखेरीस ते मूल सशास कुरवाळू लागले. मानसशास्त्रात हा प्रयोग आजही मूलभूत मानला जातो. आमच्या मते एखाद्या समजूतदार आजीस तो वाचून फारसे नवल वाटणार नाही.

खडकाची भीती निराळी आणि माणसांची निराळी, असे कोणी म्हणेल. ते खरेच, आणि सुशिक्षित घरांत दुसरीच अधिक बळावलेली असते. तिचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. हेदवीच्या उत्तरेस, दाभोळच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात मुरूड गाव आहे. धोंडो केशव कर्वे तेथलेच. अण्णा लहानपणापासून अतिशय लाजाळू होते, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या ‘आत्मवृत्ता’त लपविलेली नाही. सोमण गुरुजींनी या अबोल मुलास देवळात जमलेल्या मंडळींस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याच्या कामी लाविले. 1875 साली हाच मुलगा कुंभार्ली घाटाने शंभरांवर मैल पायपीट करून परीक्षेसाठी साताऱ्यास गेला. तेथे वय लहान दिसते म्हणून त्यास परत पाठविण्यात आले.

पुढे 11 मार्च 1893 रोजी पुण्यास त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. मुरुडाने बहिष्कार घातला. ज्या देवळात पूर्वी वर्तमानपत्र वाचले, त्याच गावची माणसे आता शेजारी बसावयास तयार नव्हती, आणि घरच्या वडीलधाऱ्यांसही त्याचा जाच झाला. अण्णांचा स्वभाव यामुळे एका रात्रीत बदलला, असे समजण्याचे कारण नाही. संकोची माणसास सर्वांत कठीण काम कोणते, तर परक्याच्या दारी पैसे मागणे. आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर नेमके तेच त्यांच्या वाट्यास आले. आश्रमासाठी मागावयाचे, म्हणून त्यांनी मागितले. 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले, आणि सत्तरी उलटल्यावर 1929 साली ते त्याच कार्यासाठी परदेशी निघाले. लाजाळूपणा गेल्यावर कार्यास आरंभ करावा असे त्यांनी ठरविले असते, तर हिंगण्याची पहिली झोपडीही उभी राहिली नसती.

असो. येत्या चतुर्थीस जी मंडळी हेदवीस जातील, त्यांनी मुलांकडून पाऊणकी म्हणवून घ्यावी. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. दर्शन आणि भोजन आटोपून अडीच वाजता किनाऱ्यावर पोहोचावे, ओल्या कातळाच्या अलीकडे कोरड्या जागी बसावे, आणि पाणी अदमासाहून किती लवकर वा उशिरा चढले ते मुलांसच घड्याळात पाहावयास सांगावे. पावसाळ्यात मात्र हे दुरूनच.