गोगलगायींवर चुना टाकताय? पाऊस पडला की पुन्हा टाकावा लागेल!

पावसाळ्यात कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करणारी गोगलगाय किरकोळ नाही. २०२२ मध्ये लातूर, बीडच्या अनेक शेतकऱ्यांवर तिच्यामुळे सोयाबीनच्या दुबार पेरणीची वेळ आली.

चुना काम कसा करतो?
कोरडी भुकटी तिच्या मऊ अंगातला ओलावा शोषते, त्वचा भाजते. त्यामुळे ती चुन्याचा पट्टा ओलांडत नाही. पण चुना भिजला की हा अडथळा संपतो. शिवाय जास्त चुन्याने माती बिघडते.

मग काय करायचं?
वाफ्याभोवती, रोपांपासून दूर चार बोटं रुंद पट्टा टाका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. हे पाणी मात्र झाडांना घालू नका.