विश्लेषण : पोर्तुगीजांच्या हजार वर्षे आधी कल्याणमध्ये बिशप कसा?

मोहने गावाजवळून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणची खाडी होते. आज रेल्वे जंक्शन म्हणून ओळखले जाणारे कल्याण प्राचीन काळी याच खाडीमुळे रोमन जगाला ठाऊक होते. इजिप्तमधील दोन ग्रीक व्यापाऱ्यांनी, सुमारे पाचशे वर्षांच्या अंतराने, त्याची नोंद केली. पहिल्या नोंदीत जहाजांची अडवणूक आहे, दुसरीत ख्रिस्ती बिशप. दोन्ही नोंदींना सत्तासंघर्षाची पार्श्वभूमी आहे.

जहाजे का अडवली जात?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपाऱ्यानंतर ‘कल्लिएना’चे नाव येते. थोरल्या सारागानसच्या काळात येथे अधिकृत व्यापार चाले. सांडानेसच्या ताब्यात गेल्यावर मात्र बंदरावर निर्बंध आले. येथे आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा धोका असे. सारागानस म्हणजे सातकर्णी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळात सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात या पट्ट्यासाठी संघर्ष सुरू होता. भडोच क्षत्रपांकडे होते. जहाज तिकडे वळले की व्यापारही तिकडेच वळे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे.

बिशप कोठला?

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉसमस ‘कल्लियाना’त ख्रिस्ती लोक असल्याचे लिहितो. तेथील बिशपची नेमणूक पर्शियातून होत असे, असेही तो सांगतो. हे ठिकाण म्हणजे कल्याणच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण नेमणूक रोमन साम्राज्यातून का नाही? त्या काळी रोमन आणि सासानी पर्शियन साम्राज्ये वारंवार लढत होती. भारतीय बंदरांत पर्शियन व्यापारी आधी पोहोचून रेशीम उचलतात, असे तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. ज्यांची जहाजे येत, त्यांचे चर्चही त्याच वाटेने आले असावे. पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये.

स्थानिक पुरावा काय?

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणचे दाते भेटतात. सामिदत नावाच्या कल्याणच्या सोनाराने तेथे पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले. मात्र बिशपच्या कल्याणची साक्ष आजही परक्याच्या पुस्तकातच शोधावी लागते.

आता काय करता येईल?

जुन्या शहरात आणि खाडीकाठी पायाचे खोदकाम सुरूच असते. अशा वेळी नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. खापरे, विटा किंवा कोरीव दगड दिसले, तर ते हलवण्याआधी फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे. डंपरमध्ये गेलेला पुरावा परत मिळत नाही.