कवडीचे मोल

आडतीवरून परतताना ‘माल कवडीमोल गेला’ असे आपण म्हणतो. पण वाचकहो, एके काळी ह्याच कवडीत शेतसारा भरला जाई, आणि तिच्या मोबदल्यात माणसेही विकली गेली.

कवडी म्हणजे एका लहान सागरी गोगलगाईचे कवच. आपल्या शेतातली गोगलगाय कोवळे सोयाबीन फस्त करते. ही बिचारी प्रवाळाच्या खडकांवरील शेवाळावर जगते. लांबी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर. जिवंतपणी तिचे मऊ अंग बाहेर येऊन कवच झाकून घेते व त्याला झिलई चढवीत राहते. भवानीच्या भुत्याच्या गळ्यातील माळ चकाकते ती त्यामुळेच.

तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकमधील हवाई बेटांपर्यंत, उबदार उथळ पाण्यात ती राहते. आपल्याकडे लक्षद्वीप व अंदमानात आहे. परंतु विपुल पीक मालदीवचे! इब्न बतूता हा प्रवासी 1343 साली तेथे गेला. तो लिहितो की, लोक कवड्या गोळा करून मांस कुजेपर्यंत किनाऱ्यावरील खड्ड्यांत ठेवीत आणि बंगालच्या व्यापाऱ्यांना देऊन तांदूळ घेत. बेटांवर भात पिकत नव्हते, बंगालात कवडी पिकत नव्हती. सौदा सरळ होता.

बंगालात 4 कवड्यांचा गंडा, 20 गंड्यांचा पण, 16 पणांचा काहण आणि 4 काहणांचा रुपया. म्हणजे रुपयाला 5120 कवड्या. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटचा सुमारे अडीच लाख रुपयांचा सारा अठराव्या शतकाच्या अखेरीस कवड्यांतच जमा होई आणि होड्या भरभरून ढाक्याला जाई. मोजणाऱ्या कारकुनांची कीवच करावी!

अटलांटिक महासागरात ही गोगलगाय नाही. म्हणून पश्चिम आफ्रिकेत तिला फार किंमत. युरोपीय व्यापाऱ्यांनी जहाजे भरून कवड्या तिकडे नेल्या व त्या देऊन गुलाम घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन व्यापाऱ्यांनी झांजीबारकडील, पाठीवर पिवळे कडे असलेल्या जवळच्याच जातीची कवडी तेथे ओतली. पूर्व किनाऱ्यावर ती मुबलक व स्वस्त. आवक बेसुमार झाली, भाव गडगडला, आणि ज्यांनी घरात कवड्या साठवल्या होत्या त्यांची आयुष्याची पुंजी मातीमोल झाली. गोगलगायीची जात बदलली होती आणि किनाराही.