एका अंशाचा हिशेब

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरी बिअर करणे त्यानंतरही पंचेचाळीस वर्षे बेकायदाच राहिले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने ती आडकाठी गेली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती करता येऊ लागली. त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांनी सहकाऱ्याबरोबर कोलोराडोतल्या बोल्डर शहरात ‘अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन’ सुरू केली आणि विखुरलेल्या हौशी मंडळींना संघटना मिळाली.

या मंडळींची भांडी बहुधा गॅसवर चढत. स्टीलचे पिंप वरून कापायचे आणि खाली प्रोपेनची शेगडी लावायची. मांडणी स्वस्त, पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडची भीती, म्हणून काम अंगणात. तिथे वाऱ्याने ज्योत हलली की तापमान हलते, आणि बिअरची चव तर तापमानावरच ठरते.

बार्लीचा भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवतात, त्याला मॅश म्हणतात. या तासात माल्टमधली दोन विकरे स्टार्चची साखर करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंश सेल्सियसला जोमात असते आणि यीस्टला पचणारी साखर देते. अल्फा-अमायलेजला ७० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. त्याच्या कामातून यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिनही उरते. म्हणून ६४ अंशांच्या मॅशची बिअर हलकी आणि कोरडी, तर ६९ अंशांची भरदार लागते. हा एकेक अंश हातात ठेवायचा म्हणून लोक विजेकडे वळले.

अमेरिकी घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा, त्यातून जेमतेम दीड किलोवॉट मिळते. तेवढ्यावर ४० लिटर पाणी २० अंशांवरून ६७ अंशांवर न्यायला दीड तास जातो. म्हणून कपडे वाळवायच्या यंत्राला असते तशी २४० व्होल्ट, ३० अँपिअरची जोडणी घेतात. तिच्यावर गीझरच्या जातीचे ५५०० वॉटचे एलिमेंट सुमारे २३ अँपिअर ओढते आणि तेच पाणी अर्ध्या तासाच्या आत तापवते. एलिमेंट लांब, दुमडलेले घेतात, म्हणजे उष्णता पसरते आणि गोड रस त्यावर करपत नाही.

भांडी तीन: गरम पाण्याचे, मॅशचे आणि उकळीचे. एलिमेंट पहिल्यात आणि तिसऱ्यात. ३० अँपिअरमध्ये एका वेळी एकच चालते. मॅशचा रस, म्हणजे वॉर्ट, पंपाने गरम पाण्यात बुडवलेल्या कॉइलमधून फिरवून परत माल्टवर सोडतात. पाण्याचे तापमान सांभाळले की मॅशचेही सांभाळले जाते, आणि माल्टच्या थरातून गाळला जाऊन रस निवळतो. या पद्धतीला ‘हर्म्स’ म्हणतात.

सगळ्याचा ताबा कंट्रोल पॅनेलकडे. त्यातला पीआयडी कंट्रोलर सेन्सरवरून तापमान वाचतो, ते किती वेगाने बदलते आहे हेही पाहतो आणि सॉलिड स्टेट रिलेमार्फत एलिमेंटला हवी तेवढीच वीज सोडतो. हा रिले बिघडला तर बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलर थांबायला सांगतो आणि एलिमेंट तापतच राहते. म्हणून रिलेच्या आधी दोन्ही जिवंत तारा तोडणारा कॉन्टॅक्टर हवा. भांडी धातूची, हात ओले, फरशी ओली. तेव्हा सुमारे पाच मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा ब्रेकर आणि प्रत्येक भांड्याला अर्थिंग अनिवार्य आहे.

शेवटी हॉप्स घालून तासभर उकळी. झाकण उघडेच ठेवतात, कारण डायमिथाइल सल्फाइड उडून गेले नाही तर बिअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो. पूर्ण शक्तीवर तासाला आठ लिटरहून अधिक पाण्याची वाफ होते, म्हणून घरात जोरकस एक्झॉस्ट पंखा लागतो. मग रस झटपट थंड करून यीस्ट घालतात.

चांगली बिअर गॅसवरही होते. विजेच्या मांडणीचे मोल असे, की एकदा जमलेली चव पुन्हा तशीच काढता येते आणि पाककृतीत एक बदल केला तर फरक त्याच बदलाचा आहे हे कळते. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. परदेशात, जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींना सांगणे एवढेच: पैसे वाचवायचे तर भांड्यांत वाचवा, ब्रेकर आणि अर्थिंगमध्ये नको, आणि पहिले बटण दाबण्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सगळी जोडणी तपासून घ्या.